दोन तारांचा एकच निरोप

ईसीजी काढताना रुग्णाच्या अंगात भिंतीतल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुणही उतरलेली असते. ती दोन्ही हातांवर जवळपास सारखीच असल्याने यंत्र हातांमधला फरक तेवढा मोजते. गुणगुण वजा होते आणि हृदयाचा जेमतेम मिलिव्होल्टभर संकेत हाती लागतो.

यंत्रांच्या आपसातल्या बोलण्यातही हीच युक्ती आहे. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये मोटारींसाठी ‘कॅन’ ही दोन तारांची पद्धत मांडली. पुढे फिलिप्सने ती एक्स-रे यंत्रांतही घेतली. शेजारी ट्यूबचा उच्च दाब आणि टेबलाच्या मोटारी असताना निरोप चुकून कसे चालेल?

निरोप तारांवर चढवतात ते दोन ट्रान्झिस्टर. एरवी दोन्ही तारा सुमारे २.५ व्होल्टवर असतात. ‘शून्य’ पाठवायचा तर एक ट्रान्झिस्टर पहिलीला ३.५ पर्यंत वर ओढतो, दुसरा दुसरीला १.५ पर्यंत खाली. केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, मिळून ६०. म्हणजे २ व्होल्टच्या फरकासाठी सुमारे ३३ मिलिअँपिअर प्रवाह लागतो. ट्रान्झिस्टरला हे काही जड नाही.

कसोटी लागते ती बंद होताना. सेकंदाला १० लाख बिट म्हणजे एका बिटाच्या वाट्याला एक मायक्रोसेकंद. बायपोलर ट्रान्झिस्टर पूर्ण क्षमतेने उघडला की त्याच्या बेसमध्ये विद्युतभार साठतो, आणि त्याचा निचरा होईपर्यंत तो बंदच होत नाही. म्हणून शॉटकी डायोड लावून जादा प्रवाह बाजूला वळवतात. उलट, फार झटक्यात बदल केला तर केबलच अँटेना होऊन शेजारच्या उपकरणांना त्रास देते. म्हणून वेग मुद्दाम आवरावा लागतो, शिवाय दोन्ही ट्रान्झिस्टर एकाच क्षणी हलावे लागतात. मागेपुढे झाले की तारांचा तोल गेलाच.

‘एक’ पाठवताना मात्र कोणीच काही ढकलत नाही! तारांना पूर्वपदावर आणतात ते टोकाचे रेझिस्टर. त्यांतला एक निखळला तर व्होल्टेज रेंगाळते, टोकावरून लहरी परततात आणि यंत्र अधूनमधून ‘कम्युनिकेशन एरर’ दाखवते. महागडे कार्ड बदलण्याआधी तंत्रज्ञाने वीज बंद करून दोन तारांमध्ये मीटर लावावा. ६० ओहम आले तर रेझिस्टर जागेवर आहेत; १२० आले तर एक टोक उघडे आहे.