डिस्क जोडण्याआधीची झडती

एकाच सर्व्हरवर डझनभर आभासी संगणक चालवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. लिनक्सवर हा कारभार बहुधा 'लिबव्हर्ट' पाहतं. 2005 पासून विकसित होत असलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. प्रत्येक आभासी संगणकाची कुंडली एका एक्सएमएल फाइलमध्ये असते: मेमरी किती, डिस्क कुठली, ती कुठल्या बसवर, म्हणजे जोडणीच्या कुठल्या मार्गावर.

ही फाइल माणूस लिहितो, म्हणून चुका ठरलेल्याच. दोन डिस्कना 'व्हीडीए' हेच नाव दिलं जातं. आयडीई बसवर पाचवी डिस्क लावली जाते, जागा मात्र चारच: दोन चॅनेल, प्रत्येकी दोन. बाहेर काढता येणारी सीडी 'व्हर्टआयओ' बसवर टाकली जाते, ती तिथे चालत नाही.

वसईच्या खाडीवरच्या वरसावे पुलाच्या दुरुस्तीच्या काळात अवजड वाहनं खाडीच्या अलीकडेच वळवली जात. पुलाच्या मध्यावर ट्रक अडवून उपयोग काय? तसंच लिबव्हर्टही आभासी यंत्र सुरू होण्याआधीच फाइल तपासतं. आधी फाइलची रचना, मग अर्थ: हे तपशील एकमेकांशी जुळतात का?

खरी मेख पुढे आहे. नव्या आवृत्तीत नियम कडक झाला आणि जुनी फाइल त्यात नापास झाली, तर? लिबव्हर्टची सेवा पुन्हा सुरू होताच तो आभासी संगणक यादीतूनच गायब होईल. म्हणून साठवलेल्या फाइली वाचताना ही अर्थाची तपासणी वगळतात आणि यंत्र चालू करताना करतात. नियम कडक असावा, पण तो नेमका कधी लावायचा, हेही ठरवावं लागतं.