निवडून आलेला प्रतिनिधी: हक्क कोणाचे, जबाबदारी कोणाची?

कामगार कायदा समजून घेताना : लेखांक सहावा

युनियनची नोंदणी आणि मान्यता मागच्या लेखात पाहिली. आता त्यापुढचा टप्पा. निवडणूक झाली, गुलाल उधळला, पेढे वाटून झाले. दुसऱ्या दिवशी निवडून आलेला माणूस पुन्हा पहिल्या पाळीला आपल्या मशीनवर उभा राहतो. आदल्या दिवसापर्यंत तो स्वतःपुरतं बोलत होता. आता शेदोनशे माणसं आपली गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे येणार असतात. कायद्याने त्याच्या हाती काय दिलंय आणि त्याच्याकडून काय अपेक्षित आहे, हे पुष्कळदा त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. त्याला निवडून देणाऱ्यांनाही ते माहीत नसतं, आणि नुकसान दोघांचंही होतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात ‘औद्योगिक संबंध संहिता, 2020’ लागू झाली. 1926 चा कामगार संघटना कायदा, 1946 चा स्थायी आदेशांचा कायदा आणि 1947 चा औद्योगिक विवाद कायदा या तिघांची जागा तिने घेतली. या संहितेनुसार कामगारांचा प्रतिनिधी मुख्यतः तीन ठिकाणी बसतो. तिन्ही ठिकाणचे अधिकार वेगळे आहेत. ते एकमेकांत मिसळले की घोळ सुरू होतो.

वर्क्स कमिटी: रोजच्या कामापुरती

शंभर किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत सरकार वर्क्स कमिटी नेमण्याचा आदेश देऊ शकतं. तिच्यात कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असून चालत नाही. दोन्ही बाजूंत सलोखा राखणं, दोघांच्याही हिताच्या बाबींवर मत देणं आणि मतभेद मिटवण्याचा प्रयत्न करणं, एवढं तिचं काम. पिण्याचं पाणी, कँटीन, बसच्या वेळा, शॉपमधला पंखा, पाळीची अदलाबदल हे विषय इथले.

पगार, बोनस, कामाचा बोजा या गोष्टी इथे ठरवता येत नाहीत. बंगालमधल्या नॉर्थब्रुक ज्यूट कंपनीच्या प्रकरणातून हे स्पष्ट झालं. वर्क्स कमिटीतल्या प्रतिनिधींनी सुसूत्रीकरणाच्या योजनेला होकार दिला होता; कामगारांना ती मान्य नव्हती आणि त्यांनी नव्या पद्धतीने काम करायला नकार दिला. 1960 साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की वर्क्स कमिटी युनियनची जागा घेऊ शकत नाही आणि सेवाशर्ती बदलण्याची संमती देणं तिच्या कक्षेत येत नाही. म्हणून कमिटीच्या बैठकीत उत्पादनाच्या नव्या आकड्यांचा कागद पुढे सरकवला गेला, तर प्रतिनिधीचं उत्तर एकच असावं: हा विषय युनियनचा आहे, तिच्याशी बोला.

तक्रार निवारण समिती: एका कामगाराचं गाऱ्हाणं

वीस किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे ही समिती असायलाच हवी. दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे आणि एकूण दहापेक्षा जास्त नाहीत. अध्यक्षपद एक वर्ष मालकाच्या बाजूकडे, तर पुढचं वर्ष कामगारांकडे. एकूण कामगारांत स्त्रियांचं जेवढं प्रमाण, निदान तेवढ्या प्रमाणात त्या समितीत असल्या पाहिजेत. घटना घडल्यापासून एक वर्षाच्या आत कामगाराने अर्ज करायचा आणि समितीने तीस दिवसांत काम संपवायचं.

या समितीतल्या मतदानाचा नियम प्रत्येक प्रतिनिधीने पाठच करावा. निर्णय बहुमताने होतो, पण कामगारांच्या बाजूच्या निम्म्याहून अधिक सदस्यांनी त्याला संमती दिलेली असेल तरच तो निर्णय ठरतो. समजा, समिती दहा जणांची आहे. मालकाचे पाचही सदस्य आणि कामगारांचे दोन, अशी सात मतं एका बाजूला पडली, तरी कायद्याच्या दृष्टीने निर्णय झालाच नाही, कारण कामगारांच्या पाचांपैकी किमान तिघे हवेत. बैठकीत ‘बहुमत झालं, सही करा’ असा आग्रह झाला की गडबडून जाऊ नये. निकाल न पटल्यास, किंवा समितीने तो दिलाच नाही तर, कामगाराला आपल्या युनियनमार्फत साठ दिवसांत समेट अधिकाऱ्याकडे जाता येतं. तो दरवाजा बंद होण्याआधी त्याला तिथवर नेणं हे प्रतिनिधीचं काम.

वाटाघाटीची युनियन: कराराचं टेबल

पगारवाढीचा करार करण्याचा अधिकार वाटाघाटीसाठी मान्यता मिळालेल्या युनियनचा. एकाहून अधिक युनियन असतील, तर मस्टरवरच्या 51 टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटीच बोलते. तेवढा पाठिंबा कोणालाच नसेल, तर किमान 20 टक्के पाठिंबा असलेल्या युनियनचे प्रतिनिधी मिळून वाटाघाटी परिषद बनते. युनियनच्या भांडणात कामगारांची मतं विखुरली की टेबलावरची त्यांची ताकदही विखुरते, हे लक्षात ठेवलेलं बरं.

संरक्षित कामगार: गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘मी प्रतिनिधी आहे, मला कोण काढणार?’ असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. कायदा असं सरसकट संरक्षण देत नाही. ‘संरक्षित कामगार’ हा दर्जा नोंदणीकृत युनियनच्या पदाधिकाऱ्यांना किंवा कार्यकारिणीच्या सदस्यांना मिळतो. त्यांची संख्या एकूण कामगारांच्या एक टक्का, पण पाचापेक्षा कमी नाही आणि शंभरापेक्षा जास्त नाही. तीनशे कामगारांच्या कारखान्यात एक टक्का म्हणजे तिघे. तरी पाच जण संरक्षित होऊ शकतात. अडीच हजारांच्या कारखान्यात पंचवीस.

हे संरक्षण औद्योगिक विवादाची प्रक्रिया प्रलंबित असताना लागू होतं. त्या काळात विवादाशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी साध्या कामगाराला कामावरून काढताना मालक एक महिन्याचं वेतन देऊन, त्याच वेळी मंजुरीसाठी अर्ज करून कारवाई करू शकतो. संरक्षित कामगाराच्या बाबतीत आधी लेखी परवानगी आणि मगच कारवाई, असा क्रम आहे. वाटाघाटी ऐन भरात असताना चार्जशीट देऊन बोलका माणूस बाजूला काढता येऊ नये, म्हणून ही तरतूद आहे. खरं तर ते संरक्षण त्याच्या मागे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या आवाजाचं आहे. दारू पिऊन कामावर येणाऱ्या किंवा सहकाऱ्याला मारहाण करणाऱ्या पदाधिकाऱ्याने त्याची ढाल करावी, हे कायद्याला अभिप्रेत नाही.

हा दर्जा आपोआप मिळत नाही. जुन्या केंद्रीय नियमांत दरवर्षी 30 एप्रिलच्या आत युनियनने नावं मालकाला लेखी कळवायची, अशी पद्धत होती. लेखी कळवण्याची आणि पोच घेऊन ठेवण्याची सवय आजही सोडू नये. पोच नसली की ऐनवेळी हात बांधले जातात.

इथे एक उणीवही सांगायला हवी. कामगार प्रतिनिधींचं संरक्षण आणि कामासाठी त्यांना मिळायच्या सोयी यांवर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1971 साली 135 व्या क्रमांकाचा करार केला. भारताने तो स्वीकारलेला नाही. विवाद प्रलंबित नसेल, तेव्हा आपल्याकडचा प्रतिनिधी बराच उघडा पडतो. हे बदलायला हवं, आणि ती मागणी कामगारांनीच लावून धरली पाहिजे.

हक्कांबरोबर येणारी कामं

पहिलं काम नोंदीचं. बैठकीच्या इतिवृत्तात ‘पाण्याच्या प्रश्नावर चर्चा झाली’ असं लिहिलेलं असेल, तर त्या बैठकीतून काही निघालं नाही असं समजा. ‘रात्रपाळीत प्रेस शॉपचा वॉटर कूलर बंद, मेंटेनन्स विभागाने पंधरा दिवसांत दुरुस्त करायचा, पुढच्या बैठकीत आढावा’ अशी नोंद हवी. काय, कोणी, कधीपर्यंत, हे तिन्ही असेल तरच सही करावी. बैठकीला जाणं हेही कामच आहे. 1957 च्या केंद्रीय नियमांत वर्क्स कमिटीची बैठक सहसा कामाच्या वेळेत घ्यायची आणि हजर असलेले कामगार प्रतिनिधी ड्यूटीवर आहेत असं मानायचं, हे स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुसरं काम परत येऊन सांगण्याचं. बंद दाराआड ठरलेलं कामगारांना आठवड्याने व्हॉट्सॲपवर तुटक कळलं की संशय वाढतो. काय मागितलं, काय मिळालं, काय सोडलं आणि का सोडलं, हे जेवणाच्या सुट्टीत किंवा गेट मीटिंगमध्ये उभं राहून सांगावं. मात्र एखाद्या कामगाराचा आजार, घरची अडचण किंवा कामगार स्त्रीची तक्रार यांची चर्चा बाहेर करू नये.

तिसरं, हिशेब. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्याने मान्यताप्राप्त युनियनवर काही अटी घातल्या: कार्यकारिणीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा, ठरावांची नोंद वहीत, हिशेबाची तपासणी दरवर्षी. संपाच्या प्रस्तावाला सदस्यांच्या बहुमताची अटही त्याच कायद्याने घातली. वर्गणीच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब फलकावर लागतो, त्या युनियनचा शब्द मालकही गांभीर्याने घेतो.

चौथं, संपाबाबतची सावधगिरी. नव्या संहितेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक आहे आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली, तर तोही संपच ठरतो. समेटाची बोलणी सुरू असतानाही संपाला मनाई आहे. नोटीस न देता मशीन बंद पाडायला लावणारा पुढारी टाळ्या मिळवतो, पण त्याची किंमत त्याच्या मागे उभे राहिलेले लोक मोजतात.

शेवटचं आणि सर्वात अवघड काम म्हणजे ज्यांनी मत दिलं नाही त्यांच्यासाठीही बोलणं. विरोधी पॅनेलमधला कामगार, नुकताच लागलेला प्रशिक्षणार्थी, रात्रपाळीतल्या स्त्रिया, आणि त्याच लाइनवर उभा राहून कमी पगारात तेच काम करणारा कंत्राटी कामगार. कंत्राटी कामगाराचं नाव बहुधा कंपनीच्या मस्टरवर नसतं, त्यामुळे त्याचं मतही नसतं. पण प्रेसवर गार्ड नसेल तर बोटं त्याचीही जातात. सुरक्षेचा मुद्दा मांडताना कायम आणि कंत्राटी असा भेद प्रतिनिधीने करता कामा नये.

आणि वाचकहो, तुमचीही एक जबाबदारी आहे. मत देऊन मोकळं होऊ नका. तुमच्या कारखान्यात तक्रार निवारण समिती आहे का, तिच्यात कोण कोण आहे, संरक्षित कामगारांची यादी दिली गेली का आणि मागच्या बैठकीचं इतिवृत्त कुठे आहे, हे चार प्रश्न याच आठवड्यात आपल्या प्रतिनिधीला विचारा. उत्तरं मिळाली तर त्याच्या पाठीशी ठाम उभे राहा. मिळाली नाहीत तर त्याला ती मिळवायला लावा, आणि पुढच्या निवडणुकीत हे विसरू नका.

(पुढील लेखांक : चार्जशीट आणि खातेनिहाय चौकशी)