स्वयंभू अविभाज्य संख्या

कोणत्याही धन पूर्णांकात त्याच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होऊ शकत नाही अशी अविभाज्य संख्या. २३ मध्ये २ व ३ मिळविले असता २८ येतात. येथे २३ हा २८ चा जनक होय. १०१ ला ९१ व १०० असे दोन जनक आहेत, तर ९७ ला एकही नाही. जनक नसलेल्या अशा संख्यांना दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांनी स्वयंभू संख्या म्हटले. नाशिकजवळील देवळाली येथे ते १९३०–६२ या काळात शालेय शिक्षक होते आणि या विषयावरील त्यांची पुस्तिका १९६३ मध्ये तेथूनच निघाली. या संख्यांना देवळाली संख्या असेही नाव पडले आहे. ३, ५, ७, ३१, ५३, ९७, २११, २३३ या पहिल्या काही स्वयंभू अविभाज्य संख्या होत.

जनक शोधण्यासाठी सर्व लहान संख्या तपासाव्या लागत नाहीत. कोणतीही संख्या व तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागल्यास बाकी एकच उरते. त्यामुळे जनकाच्या अंकांच्या बेरजेची दुप्पट व दिलेली संख्या यांचीही बाकी सारखीच असली पाहिजे. ९७ ची बाकी ७ असल्याने ही बेरीज ८ किंवा १७ च असू शकते. ९७ मधून ८ वजा केल्यास ८९ उरतात, त्यांच्या अंकांची बेरीज १७. १७ वजा केल्यास ८० उरतात, त्यांची बेरीज ८. दोन्ही जुळत नाहीत.

२ चा २,४०,३६,५८३ वा घात उणे १ ही मेर्सेन अविभाज्य संख्या २००४ मध्ये जोश फिंडली यांच्या संगणकावर सापडली. तिच्यात ७२,३५,७३३ अंक आहेत. तिची अविभाज्यता ल्यूका-लेमर कसोटीने ठरते आणि ते काम प्रचंड आहे. ती स्वयंभूही असल्याचे ल्यूक पेबॉडी यांनी २००६ मध्ये दाखविले. तोवर ज्ञात असलेल्यांत ती सर्वांत मोठी स्वयंभू अविभाज्य संख्या होती. ही दुसरी तपासणी मात्र आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. जनकाच्या अंकांची बेरीज ६,५१,२१,५९७ हून अधिक असू शकत नाही, म्हणून वजाबाकीत शेवटचे आठ अंकच बदलतात आणि फार तर एक हातचा पुढे जातो. उरलेल्या अंकांची बेरीज एकदाच करावयाची. शेवटच्या आठ अंकांची बेरीज ० ते ७२ यांदरम्यानच राहत असल्याने, हातचा असो वा नसो, दोन्ही मिळून अठराहून अधिक पर्याय उरत नाहीत. खरे श्रम ती संख्या दशमान पद्धतीत लिहून काढण्याचे.

अविभाज्यता संख्यालेखनाच्या पद्धतीवर अवलंबून नसते, स्वयंभूपणा असतो. दशमान अंकांच्या अशा गमतींना हार्डी यांनी १९४० मध्ये गौण ठरविले होते आणि हा आक्षेप पुष्कळसा रास्त आहे. तरीही स्वयंभू संख्यांची वाटणी हा गंभीर विषय ठरला. त्यांचे प्रमाण एका निश्चित धन मर्यादेकडे जाते, असे झानिये यांनी १९८२ मध्ये सिद्ध केले. ही मर्यादा दहांत एकाहून किंचित कमी आहे. त्यापूर्वी १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे कापरेकरांचे नाव भारताबाहेर पोहोचले होते.

२०२४ मध्ये सापडलेल्या, ४,१०,२४,३२० अंकी मेर्सेन अविभाज्य संख्येसही वरील रीत लागू पडते. तेथे आठांऐवजी शेवटचे नऊ अंक वेगळे काढावे लागतात.