नोकरी गेली, पण गाडीचा हप्ता चालूच आहे? मग आधी हे करा

नोकरी गेली की बरेच जण म्हणतात, "बस झालं, आता स्वतःचा धंदा." छान. पण दारात गाडी उभी आहे आणि ५ तारखेला खात्यातून हप्ता कटणार आहे, त्याचं काय? आज त्यावरच बोलू.

सगळ्यात आधी महिने मोजा. समजा हातात ३ लाख आहेत. घरखर्च ३५ हजार, गाडीचा हप्ता १५ हजार. म्हणजे तुमच्याकडे ६ महिने आहेत. यातले दीड लाख धंद्यात टाकले की उरले ३ महिने! कुठलाही धंदा तिसऱ्या महिन्यात घर आणि हप्ता दोन्ही ओढेल, असं गृहीत धरू नका. धंद्याचं भांडवल आणि हप्ता एकाच डब्यातून जातात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

आता बँक. पहिला हप्ता बाउन्स होण्याआधी जा, नंतर नाही. बाउन्स झाला की कर्ज देणारी बँक दंड लावते आणि तुमचं खातं असलेली बँकही वेगळा चार्ज घेते. वर ती नोंद सिबिल रिपोर्टमध्ये राहते, तिथे मागच्या ३६ महिन्यांचा उशीर महिनावार दिसतो. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की कर्ज एनपीए. उद्या मुद्रा लोनसाठी अर्ज कराल तेव्हा बँक मॅनेजर तुमच्या आयडियाआधी हाच रिपोर्ट उघडणार.

बँकेत मुदत वाढवून मागता येते. देणं त्यांना बंधनकारक नाही, पण लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. हिशोब बघा: ६ लाख बाकी, व्याज साडेनऊ टक्के, ४८ महिने राहिलेत. हप्ता साधारण १५,०७५. मुदत ७२ महिने केली तर हप्ता १०,९६५ च्या आसपास. महिन्याला चार हजार सुटले, पण एकूण व्याज जवळपास ६६ हजारांनी वाढलं. शिवाय "रिस्ट्रक्चर" अशी नोंद सिबिलला जाणार का, हे सही करण्याआधी विचारा. फुकट काही नाही.

दुसरा रस्ता, गाडी विकणे. इथे मन अडतं, कळतं मला. शेजारी काय म्हणतील, सासरचे काय म्हणतील! पण आकडा बघा. बाकी ६ लाख आणि गाडीला साडेपाचच मिळतायत, तर ५० हजार खिशातून जातील. वर फोरक्लोजर चार्ज असेल तर तो वेगळा. तरीही दरमहा १५ हजारांचा हप्ता थांबला, म्हणजे ते ५० हजार साडेतीन महिन्यांत वसूल. इन्शुरन्स, पेट्रोल, सर्व्हिसिंग मी धरलंच नाही. धंद्यात गाडी रोज लागणार असेल, माल पोचवायला, साइटवर जायला, तर गोष्ट वेगळी. "लागेल कधीतरी" हे कारण चालणार नाही.

आणि हो, पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याने चालवून हप्ता काढू, हा विचार सोडा. त्याला परमिट लागतं. पकडलं तर दंड आहेच, आणि अपघात झाला तर इन्शुरन्स कंपनी क्लेम अडवू शकते.

क्रेडिट कार्डावरून पैसे काढून हप्ता भरू नका. साडेनऊ टक्क्यांचं कर्ज तुम्ही वर्षाला ३० टक्क्यांच्या वर नेताय.

हप्ता थकलाच असेल तर फोन बंद करून बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमकी देता येत नाही. तसं झालं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

विकायचं ठरलं तर बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या, त्यात त्या तारखेची नेमकी बाकी असते. पैसे भरल्यावर एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवा. गाडी नवीन मालकाच्या नावावर झाल्याचं स्वतः तपासा, डीलरच्या "होऊन जाईल साहेब" वर सोडू नका.