रेडिएटर गारच का?
ब्रिटनमधल्या घरात बॉयलर चालू, तरी एखादी खोली गारठलेलीच, ही हिवाळ्यातली नेहमीची तक्रार. आधी रेडिएटरला हात लावून पाहा. वरचा भाग गार असेल तर आत हवा अडकली आहे. हीटिंग बंद करून छोट्या चावीने ती सोडली की काम भागतं. खालचा भाग गार असेल तर गाळ साचलाय. पोलादी रेडिएटर आतून गंजतात आणि मॅग्नेटाइटचा शाईसारखा काळा चिखल तयार होतो. 1970 च्या दशकापासून अनेक घरांत 8 किंवा 10 मिलिमीटरच्या तांब्याच्या नळ्या घातल्या गेल्या. त्या तर चटकन तुंबतात. तुंबलेली जागा शोधायची युक्ती मोठी छान आहे. तांब्याला लोहचुंबक चिकटत नाही, म्हणून नळीवर तो जिथे ओढला जातो, तिथे आत गाळ आहे असं समजावं.

अख्खा रेडिएटर गार असेल तर थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्हची अडकलेली पिनही कारण असू शकते. गाळ पंपाने धुऊन काढल्यावर पाण्यात गंजरोधक घालणं आणि चुंबकीय फिल्टर बसवणं टाळू नका. बॉयलर उघडायचा असेल तर ‘गॅस सेफ’ नोंदणी असलेलाच तंत्रज्ञ बोलवा. तिथला कायदाच तसा आहे.