संगणकांची जत्रा

जत्रा जवळ आली म्हणजे गावात काय लगबग असते, ते तुम्हांला सांगायला नको. पाणी कोठून आणायचे, गाड्या कोठे सोडायच्या, दुकानांची ओळ कशी धरायची, दिवाबत्तीचे कसे करायचे, हे पंचमंडळी पारावर बसून आधी ठरवतात. ठरवण्यात चूक झाली, की ऐन गर्दीत बोंबाबोंब होते.

आज आम्ही एका निराळ्याच जत्रेची माहिती सांगणार आहोत. ही जत्रा संगणकांची.

युरोप खंडाच्या उत्तरेला नॉर्वे नावाचा थंड देश आहे. तेथे 1992 सालापासून 'द गॅदरिंग' नावाचा मेळावा भरत आला आहे. हामार हे गाव मोठ्या तळ्याच्या काठी आहे. तेथे 1994 सालच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरच्या शर्यती झाल्या. त्या शर्यतींसाठी एक प्रचंड इमारत बांधली. जहाज उपडे घालावे तसे तिचे छप्पर दिसते. आता ईस्टरच्या सुट्टीत तरुण मुलेमुली आपापला संगणक उचलून तेथे येतात. गर्दीच्या वर्षी पाच हजारांवर माणसे जमली आहेत. ती रांगांनी टेबले मांडून बसतात आणि एकमेकांशी संगणकावर खेळ खेळतात. सारी व्यवस्था स्वयंसेवक पाहतात. शेजारच्या स्वीडन देशात 'ड्रीमहॅक' नावाचा असाच मेळावा आहे. तेथे 2007 साली दहा हजारांवर संगणक एकाच वेळी जोडलेले होते.

तुम्ही म्हणाल, "गुरुजी, घरी बसून खेळता येतं की! मग एवढं ओझं उचलून जायचं कशाला?"

प्रश्न बरोबर आहे. घरून खेळताना आपला निरोप लांबच्या गावच्या यंत्राकडे जाऊन परत येतो. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यांतले तीसचाळीस भाग त्यात जातात. आपल्याला हा वेळ काहीच वाटत नाही. पण पळापळीच्या खेळात तेवढ्यात डाव हुकतो. एकाच छपराखाली निरोपाला एक भागही लागत नाही. शिवाय शेजारी बसून खेळण्याची मजा वेगळीच. आट्यापाट्या काय कोणी पत्राने खेळतो?

एकाच जागेतले संगणक तारांनी जोडले, की त्या जोडणीला 'लॅन' म्हणतात. हे लॅन कसे आखायचे, ते आता पाहू. पाच हजार संगणक आहेत असे धरू.

पहिला विचार विजेचा. इथेच पुष्कळ नवखी मंडळी फसतात. खेळाचा एक संगणक पडद्यासकट साधारण 400 वॅट वीज खातो. 16 अँपिअरच्या एका तारेवर 230 व्होल्टने 3680 वॅटचा भार चालतो. म्हणजे आपल्या पाच हॉर्सपॉवरच्या पंपाएवढा. त्यावर हिशेबाने नऊ संगणक बसतील, पण शहाणा माणूस सातआठच जोडतो. पाच हजार संगणकांचे झाले 20 लाख वॅट! पाचशेहून जास्त पंप एकदम सुरू केल्यासारखे हे आहे. आणि ही सारी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच छपराखाली राहते. बाहेर बर्फ असला तरी आत गरम हवा बाहेर काढण्याची सोय करावी लागते.

दुसरा विचार तारांचा. प्रत्येक संगणकाची तार थेट मुख्य यंत्रापर्यंत न्यायची म्हटले, तर तारांचे जंगल होईल. शिवाय तांब्याची तार 100 मीटरपर्यंतच भरवशाची. म्हणून दर रांगेत एक 'स्विच' ठेवतात. हा दिव्याचा खटका नव्हे, बरं का. ही 48 भोकांची चपटी पेटी असते. रांगेतले संगणक तिला जोडायचे. पेटीपासून मुख्य यंत्रापर्यंत काचेच्या धाग्याची जाड वाट न्यायची. तिला फायबर म्हणतात. उसाला पाणी देताना मुख्य पाटातून दर सरीला बारे काढतो, तसेच हे. 48 भोके आहेत म्हणून 48 संगणक लावू नयेत. 40 लावावे आणि आठ भोके अडीअडचणीला ठेवावी. म्हणजे पाच हजारांना 125 पेट्या झाल्या. वर दहापंधरा पेट्या शिलकीला हव्यात. तारेच्या दोन्ही टोकांना एकच नंबर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून लोक टाळतात. मग रात्री दोन वाजता टेबलांखाली बॅटरी घेऊन रांगतात.

तिसरा विचार पत्त्यांचा. पोस्टमनला घर सापडायला घरनंबर लागतो, तसा प्रत्येक संगणकाला नंबर लागतो. पाच हजारांची एकच मोठी वस्ती करू नये. रांगेगणिक वाडी पाडावी. संगणकाच्या हिशेबात वाड्या 16, 32, 64 अशा दुपटीने वाढतात. 64 ची वाडी घेतली, तर दोन नंबर राखीव जातात आणि एक वेशीच्या दारासाठी लागतो. उरले 61. आपले संगणक 40. झाली सोय.

वाड्या का पाडायच्या? कारण संगणक अधूनमधून दवंडी पिटतात. "अमका नंबर कोणाचा?" असे तो सगळ्यांना ओरडून विचारतो. पाच हजारांनी एकाच चौकात दवंडी पिटली, तर कामाचे बोलणे ऐकू कसे येणार? वाडीची दवंडी वाडीतच राहावी.

या दवंडीचा चटका आम्ही स्वतः सोसला आहे. आम्ही मुख्याध्यापक असताना शाळेला दहा संगणक मिळाले. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. मुले ओळीने बसली होती. आम्ही खोलीत गेलो, तो स्विचच्या पेटीतून एका तारेचे टोक खाली लोंबताना दिसले. आम्हांला टापटिपीची भारी हौस. ते टोक उचलले आणि समोरच्या रिकाम्या भोकात खोचून दिले. दोन मिनिटांत दहाही संगणक ठप्प! त्या तारेचे दुसरे टोक त्याच पेटीत होते, हे आम्ही पाहिलेच नव्हते. दवंडी एका भोकातून बाहेर पडे, दुसऱ्यातून आत येई, पुन्हा बाहेर पडे. तिचे इतके पेव फुटले की दुसऱ्या निरोपाला वाटच उरली नाही. तालुक्याहून माणूस यायला दिवेलागण झाली. त्याने ती तार उपसली आणि हसला. मुले उपाशी बसून होती. शेवटचा अर्ज रात्री दहाला गेला. चूक आमची होती आणि ती आम्ही मुलांना तशीच सांगितली.

दहा संगणकांत एवढा गोंधळ, तर पाच हजारांत काय होईल? म्हणून चांगल्या स्विचला आधीच शिकवून ठेवता येते, की अशी गोल फिरणारी वाट दिसली तर ते भोक बंद कर.

दुसरा उपद्रव तोतयाचा. नंबर वाटायला एक यंत्र नेमलेले असते. पण एखादा पोरगा घरची जोडणीपेटी सोबत आणतो आणि रांगेत लावतो. तीही नंबर वाटू लागते, तेही खोटे. शेजारीपाजारी भलत्याच पत्त्यावर जाऊन पडतात. यालाही उपाय आहे. मुख्य वाटेकडून आलेलाच नंबर खरा मान, असे स्विचला बजावून ठेवावे.

आता बाहेरच्या जगाशी जोडणारी वाट किती रुंद हवी? खेळताना माहिती थोडीच लागते. पण नवा खेळ उतरवून घ्यायचा झाला, तर तो 100 गिगाबाइटचासुद्धा असतो. एक हजार मुलांनी तो एकदम बाहेरून मागवला आणि बाहेरची वाट सेकंदाला 10 गिगाबिटची असली, तर सर्वांचे होईपर्यंत सुमारे 22 तास जातील. मेळाव्याचा जवळजवळ एक दिवस त्यातच संपेल! म्हणून आतच एक कोठार करतात. खेळ बाहेरून एकदाच आणायचा. त्याला दीड मिनिटही लागत नाही. मग ज्याला हवा त्याला कोठारातून द्यायचा. आतल्या वाटा रुंद असतात. कोठाराची यंत्रेही तितक्याच ताकदीची असली, तर पाव तासात काम होते. धान्याचे पोते तालुक्याहून मुठीमुठीने आणत नाहीत, तसेच हे.

दारे उघडण्याआधी सगळे तपासून पाहावे लागते. स्वयंसेवक रांगेरांगेतून फिरतात, प्रत्येक पेटीला संगणक लावून पाहतात. एका मोठ्या पडद्यावर साऱ्या पेट्यांचा नकाशा असतो. पेटी चालू असली तर हिरवी, बंद पडली तर लाल. मेळावा चालू असताना रात्रभर कोणीतरी त्या पडद्यासमोर बसते. एखाद्या पोराने वर्षभर पैसे साठवून प्रवास केलेला असतो. त्याची रांग लाल झाली, तर कोणीतरी शिलकीची पेटी काखेत मारून धावते.

शेवटच्या दिवशी मुले संगणक गुंडाळून घरी जातात. स्वयंसेवक मागे राहतात. मैलोगणती तारा गोळा करायच्या, त्यांची वेटोळी घालायची, चिठ्ठ्या तशाच ठेवायच्या आणि पेट्या मोजून घ्यायच्या.