गाडी एकाची, चालक दुसरा : अपघातानंतर जबाबदार कोण?

लग्नसराई आली की गाडीच्या चाव्या या हातातून त्या हातात फिरू लागतात. पाहुण्यांना स्थानकावरून आणायचे असते, वऱ्हाड सभागृहात पोहोचवायचे असते. शेजारी मोठ्या मनाने आपली गाडी देतो आणि एखादा उत्साही तरुण ती घेऊन निघतो. ही आपुलकी आपल्या समाजाचे भूषणच होय. परंतु वाटेत अपघात झाला, तर भरपाई कोणी द्यावयाची? ‘गाडीचा विमा आहे, मग चिंता कसली?’ हे उत्तर आम्ही वारंवार ऐकतो. ते अर्धेच खरे आहे, म्हणून हा विषय आम्ही वाचकांपुढे मांडीत आहोत.

तिघांचे नाते

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १४६ नुसार विम्याशिवाय कोणतीही गाडी सार्वजनिक ठिकाणी चालविता येत नाही. हा सक्तीचा विमा म्हणजे ‘थर्ड पार्टी’ विमा. विमा घेणारा पहिला पक्ष, विमा कंपनी दुसरा, आणि गाडीमुळे ज्याला इजा होते तो पादचारी वा सायकलस्वार हा तिसरा. हे संरक्षण प्रथमतः त्या तिसऱ्यासाठी आहे.

अपघातास कारणीभूत ठरणारा निष्काळजीपणा चालकाचा असतो. तरीही मालकाच्या कामासाठी किंवा त्याच्या संमतीने गाडी चालविली जात असेल, तर न्यायाधिकरण सहसा मालकालाही जबाबदार धरते आणि ती भरपाई मालकाच्या वतीने विमा कंपनी भरते. चालक मालकाचा नातेवाईक असलाच पाहिजे असे नाही. त्याच्याजवळ त्या प्रकारच्या गाडीचा वैध परवाना आणि मालकाची अनुमती असावी, एवढे पुरे.

मालकाने काय पाहावे

चालकाजवळ परवानाच नसेल तर काय? बळी पडलेल्या कुटुंबाला रिकाम्या हाती परतावे लागू नये म्हणून न्यायालये अनेकदा कंपनीला आधी रक्कम भरावयास सांगतात आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. अशी वसुली काही लाखांची असू शकते. एका चावीपायी राहते घर पणाला लागू शकते, ते असे.

मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंह खटल्यात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. चालकाचा परवाना सदोष होता, एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. मालकाने योग्य ती काळजी घेतली नाही, हेही तिला सिद्ध करावे लागते. म्हणून चावी देण्यापूर्वी परवाना पाहणे हा अविश्वास नव्हे. ते मालकाचे कर्तव्य आहे आणि त्याचे संरक्षणही.

विनापरवाना व्यक्तीला गाडी देणाऱ्या मालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक वा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड आहे.

चालकाने काय जाणावे

बेदरकारपणे गाडी चालविल्याबद्दलची फौजदारी शिक्षा चालकाला स्वतःच भोगावी लागते. कोणताही विमा तुरुंगवास आपल्या अंगावर घेत नाही.

दुसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित आहे. मागून आणलेली गाडी चालविताना स्वतःच्याच चुकीने चालकाचा मृत्यू झाला तर? अशा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने २००९ व २०२० साली म्हटले आहे की, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. त्या गाडीच्या विम्याच्या दृष्टीने तो ‘तिसरा पक्ष’ राहत नाही.

मालकासाठी २०१८ पासून १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे. परंतु ते ज्याच्या नावे गाडीची नोंद आहे आणि ज्याच्याजवळ वैध परवाना आहे, त्याच्यापुरतेच. पतीच्या नावावरील गाडी पत्नी चालवीत असेल, तर तिला ते आपोआप मिळत नाही. गाडी संस्थेच्या नावावर असल्यास हे संरक्षण लागूच होत नाही. अशा वेळी थोडा अधिक हप्ता भरून चालक व प्रवाशांसाठी वेगळे संरक्षण घेता येते. पगारी चालकाविषयीची मालकाची जबाबदारीही पॉलिसीत नोंदलेली आहे ना, हे पाहावे.

विकली, पण सुटली नाही

कायद्याच्या दृष्टीने मालक म्हणजे ज्याचे नाव आरसी बुकात आहे तो. अनेक हातांतून गेलेल्या एका मोटारीच्या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मूळ नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले, कारण नोंद बदललेली नव्हती. नव्या घेणाऱ्याने विम्याचे नूतनीकरण केले नाही, तर सारा भार जुन्या मालकावर येऊ शकतो. तेव्हा पैसे हाती आले की व्यवहार संपला असे न मानता, विक्रीची सूचना १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास द्यावी आणि नाव बदलल्याची खात्री करून घ्यावी.

वाचकांनी आजच आपली पॉलिसी काढून तीन गोष्टी पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो : तिची मुदत, तिच्यावरील नाव आणि चालकाविषयीची अट. गाडी अवश्य द्यावी, शेजारधर्म पाळावा; मात्र ज्याला आपण ओळखतही नाही, त्या वाटसरूच्या जिवाची जबाबदारीही चावीबरोबर दिली-घेतली जाते, याचे भान देणाऱ्याने व घेणाऱ्याने ठेवावे.